लिंबोणीखालचं बीळ

२५ जून १९८९, रविवार. सकाळी ७
नवी वही सुरू. विषय एकच, घुशी. घरामागची सहा झाडं (डाळिंबं दोन, पेरू, सीताफळ, पपई, लिंबोणी) पावसाळा संपायच्या आत घुशीमुक्त करायची. आज बिळं मोजली. अकरा. ऑफिसात अख्ख्या सेक्शनच्या फायली सांभाळणाऱ्या हेडक्लार्कला अकरा बिळं म्हणजे काय? तीन आठवडे पुष्कळ झाले.

विष वापरणार नाही. तत्त्व म्हणून. निसर्गाचा समतोल वगैरे. दुसरं काही कारण नाही.

२६ जून, सोमवार
प्रमिलाने चहा देता देता विचारलं, गेल्या वर्षी तर घरातल्या उंदरांसाठी तुम्हीच पिठात औषध कालवून गोळ्या वळल्या होत्या, तेव्हा समतोल कुठे गेला होता? म्हणालो, माणूस वाचतो, सुधारतो. म्हणाली, काय वाचलंत? मी पेपर उघडून बसलो.

२ जुलै, रविवार
जलप्रयोग. बिळात पाणी ओतायचं, घूस गुदमरून बाहेर येते, असा सिद्धांत. अठ्ठावीस बादल्या ओतल्या. एक घूस पेरूखालून बाहेर आली, अंग झटकलं, माझ्याकडे पाहिलं आणि निवांत सीताफळाखाली गेली. प्रयोग तत्त्वतः यशस्वी. घूस बाहेर आली हे कोणी नाकारू शकत नाही.

देवपुरात नळ एक दिवसाआड येतो हे हौद रिकामा झाल्यावर आठवलं. कंबर धरली आहे.

४ जुलै, मंगळवार
ऑफिसातला शिपाई चुडामण सोनगीरचा, शेतीवाडीचा माणूस. त्याला विषय सांगितला. म्हणाला, साहेब, गोवऱ्या पेटवा, वरतीन मिरच्या टाका, धूर बिळात सोडा. मग म्हणाला, नहीतर सरळ एक मांजर पाळा ना, बठ्ठी कटकट मिटी जाई. त्याला ताबडतोब फाईल आणायला पाठवलं. कुठली फाईल ते सांगायचं राहिलं.

९ जुलै, रविवार. दुपारी १२
धूरप्रयोग. वाऱ्याने दगा दिला. मिरच्यांचा सगळा धूर भिंतीवरून शेजारच्या लताअक्कांच्या स्वयंपाकघरात. अक्का डोळ्यांना पदर लावून अंगणात आल्या. मला वाटलं ओरडतील. त्या खोकत खोकत भिंतीपाशी आल्या, भिंतीवरची दुधाची वाटी उचलली, त्यात पडलेली राख बोटाने काढली आणि वाटी पुन्हा होती तिथेच ठेवून आत गेल्या.

ही वाटी ठकीची. ठकी म्हणजे अक्कांची मांजर. गेल्या जुलैत हरवली. तेव्हापासून अक्का रोज सकाळी दूध ठेवतात, आमच्या बाजूच्या कडेला, कारण ठकी इकडूनच यायची. हरवली असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

१० जुलै, सोमवार
कालचं शेवटचं वाक्य अनावश्यक होतं. वही घुशींची आहे.

१६ जुलै, रविवार. रात्री जेवणानंतर
काल पिंजरा आणला. आमिष कळण्याची भाकरी आणि भजी. पहाटे एक घूस सापडली. चांगली बोक्याएवढी. मारायची नाही असं ठरलेलं, म्हणून पिंजऱ्यावर गोणपाट टाकून सायकलच्या कॅरियरला बांधला. पांझरेच्या पुलापलीकडे नेऊन सोडायची.

पुलावर अक्का. कठड्याला धरून खाली नदीकडे बघत उभ्या. गेल्या वर्षी मी त्यांना सांगितलं होतं की ठकी पुलाकडे जाताना दिसली. वर्षभर त्या रोज पुलावर जातात. गुडघे दुखतात तरी जातात. आज विचारलं, लीलाधर, इथेच दिसली होती ना तुला? मी म्हणालो, जरा पुढे.

पुढे का म्हणालो? इथेच म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? माझ्या डोळ्यांदेखत त्या पूल ओलांडून पुढे चालू लागल्या. मी सायकल वळवली.

घरी आल्यावर लक्षात आलं की घूस पिंजऱ्यातच आहे. पुन्हा पुलाकडे जायचा धीर झाला नाही. अंगणातच सोडून दिली. तिला घर शोधावं लागलं नाही.

१८ जुलै, मंगळवार
दोन रात्री झोप नाही. लिहून टाकतो, वही कोण वाचणार आहे?

ठकी हरवली नाही. मेली. गोळी खाऊन मेलेला उंदीर तिने खाल्ला. तांत्रिकदृष्ट्या मी ठकीला मारलं नाही. मी उंदीर मारला. तो खायचा निर्णय ठकीचा. भरदुपारी लिंबोणीखाली खड्डा करून पुरली. गळ्यातलं घुंगरू काढायला हवं होतं, पण हात लावला गेला नाही. अक्का घरात नव्हत्या. तशा असत्या तर सांगितलंच असतं.

सांगणार आहे. घुशींचं काम एकदा मार्गी लागू दे.

ठकी होती तोवर अंगणात एक बीळ नव्हतं, हेही लिहून ठेवतो. त्याचा इथे संबंध आहेच असं नाही.

२३ जुलै, रविवार
बीळ नंबर चौदा. लिंबोणीखाली. नेमकं तिथेच. घूस आतून माती उकरून बाहेर फेकते आहे, ढीग लागला आहे. आज मातीत पांढऱ्या केसांचा पुंजका दिसला. पायाने आत लोटला.

अक्का रोज दोन लिंबं न्यायला येतात, त्यांना परवानगी आहे. आजही आल्या. म्हणाल्या, ही माती कसली रे? आणि मला सुचलं. म्हणालो, अक्का, तिकडे जाऊ नका, नाग आहे. मोठा. मी स्वतः पाहिला.

अक्का दोन पावलं मागे सरल्या. लिंबं मी तोडून दिली, चार दिली. प्रश्न सुटला. वेळेवर डोकं चालणं ही देणगी असते.

३० जुलै, रविवार
बिळात काटेरी झुडपं कोंबली. पाय सोलला. घुशींनी झुडपं आत ओढून घेतली, बहुधा घरट्याला.

पक्का निर्णय. पुढच्या रविवारी, ६ तारखेला, पहाटे लिंबोणीखाली खणायचं आणि जे आहे ते पांझरेकाठी नीट पोचवायचं. कुदळीला नवा दांडा बसवून घेतला. त्यानंतर एखादा चांगला दिवस बघून अक्कांना सगळं सांगायचं. किंवा निम्मं.

६ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.३०
कुदळ उचलली तोच प्रमिला धावत आली आणि हातातून हिसकावून घेतली. आज नागपंचमी. आज विळीला हात नाही, चुलीवर तवा नाही आणि हा माणूस जमीन खणायला निघाला, तेही स्वतः नाग पाहिला त्या जागी. कॅलेंडरवर मी नुसता रविवार पाहिला होता.

ठीक आहे. एक दिवसाने काय होतं? उद्या अर्धी रजा टाकतो.

सकाळी १०
अक्का आल्या. एकट्या नाही. मागे सुगंधाबाई, बेबाबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी. हातात ताटं, हळदकुंकू, लाह्या, फुटाणे, तांब्याभर दूध. अक्कांनी गल्लीत सांगितलं होतं की लांब वारुळाला कशाला जायचं, आपल्या लीलाधरच्या अंगणात साक्षात नाग शे. त्यांना लांब ठेवायला नाग काढला, तर तोच त्यांना घेऊन आला.

मी म्हणालो, पाय घसरेल. म्हणालो, नाग आज बाहेर गेला आहे. प्रमिलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पपईला टेकून उभा राहिलो.

बायका बसल्या. हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या, अक्कांनी बिळात दूध ओतलं. आतून खसखस ऐकू आली. सगळ्यांनी हात जोडले. मग घुशीने भसाभस माती बाहेर फेकली, आणि मातीबरोबर घुंगरू आलं.

इतर बायकांना वाटलं, देवाने काही दिलं. अक्कांनी ते उचललं, पदराने पुसलं, मुठीत धरलं. पूजा शेवटपर्यंत केली. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी ६
गेलो. अक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या. घुंगरू समोर ठेवलेलं. मी म्हणालो, अक्का, मला एक सांगायचं आहे. त्या म्हणाल्या, माले बठ्ठं म्हाईत शे. त्या दिवशी त्या गच्चीवर सादळलेले पापड उन्हात घालत होत्या. मी खड्डा करताना त्यांनी पाहिलं होतं.

म्हणालो, मग रोज दूध? म्हणाल्या, ते तुझ्यासाठी. रोज सकाळी दात घासताना तुला दिसावं म्हणून. आज बोलशील, उद्या बोलशील, म्हणून वर्षभर ठेवलं. दूध तुझ्या घुशी पितात हेही पाहते मी. मी पुलाचं विचारलं. म्हणाल्या, डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं आहे. पण तुला पुलावर गाठलं तेव्हा वाटलं, आज तरी हा बोलेल. तू म्हणालास, जरा पुढे.

मला रडू आलं. खरंच आलं. अक्कांनी लसूण सोलणं थांबवलं आणि एकच विचारलं, पाणी मागत होती का ती?

मी नाही म्हणालो.

मागत होती. मोरीपाशी येऊन बसली होती, तोंड उघडं. मी आतून दाराला कडी घातली. पाणी दिल्याने वाचली असती असं नाही. पण मी दिलं नाही.

१३ ऑगस्ट, रविवार
आठवडाभर भिंतीवर वाटी नाही. दात घासताना नजर तिकडेच जाते. अक्कांना खरं सांगायला दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. दोन्ही वेळा फाटकाची कडी तपासून परत आलो. कडी ठीक आहे.

प्रायश्चित्त म्हणून चुडामणकडून सोनगीरहून मांजरीचं पिल्लू मागवलं. पांढरंच. टोपलीत घालून अक्कांकडे घेऊन गेलो. अक्कांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टोपली माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, तुझ्या शेजारी मी मांजर पाळणार नाही.

पिल्लू घरी आणलं. अंगणात सोडलं. चौदा नंबरमधून घूस बाहेर आली, पिल्लाला हुंगलं. पिल्लू माझ्या धोतरावरून चढून खांद्यावर बसलं. आजची बिळं सतरा. पपई पडली.

२० ऑगस्ट, रविवार
अक्कांनी घुंगरू पाठवलं. चिंचेने घासून लख्ख केलेलं, नव्या लाल दोऱ्यात ओवलेलं. प्रमिलाबरोबर निरोप होता: पिल्लाच्या गळ्यात बांध. मी दिवसभर ओट्यावर बसलेली असते, मला ते ऐकू येईल. ज्या दिवशी ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी विचारायला येईन.

बांधलं. घुशींचा विषय सध्या बाजूला ठेवला आहे, वेळ मिळत नाही. पिल्लू फार झोपतं. झोपलं की मी जाऊन हलवतो.