दहापैकी दहा

६ जानेवारी, पहाटे ५.४०
रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर ६.४. डायबेटिस साडेसहाला सुरू होतो, म्हणजे मी अजून एक दशांशाने निरोगी आहे. एकतीस मार्चला पुन्हा आकडा कळेल. चढला तर गोळ्या. बाबांचंही गोळ्यांपासूनच सुरू झालं आणि डाव्या पायाची दोन बोटं कापण्यावर थांबलं. मी गोळी घेणार नाही. विषय संपला.
डॉक्टरांनी चर्चच्या तळघरात दर मंगळवारी भरणारा सवयी बदलण्याचा वर्ग सुचवलाय. घरं तापवणाऱ्या फर्नेसची दुरुस्ती मी कुठल्याही शाळेत न जाता शिकलो, पुस्तकं वाचून आणि बोटं भाजून. निम्मं गाव आज माझ्यामुळे उबदार आहे. अशा माणसाने चालणं शिकायला वर्गात बसायचं? पण आर्डिसची साखरही ६.३ निघाली. बायकोला सोबत म्हणून जाईन.

६ जानेवारी, संध्याकाळ
वर्ग घेणारी नर्स माय येर. आमच्या मुलीच्या वयाची. म्हणाली, या आठवड्यात करायचं एक काम लिहा, आणि ते होईल याची किती खात्री आहे, तो शून्य ते दहामधला आकडा त्यापुढे टाका. मी लिहिलं: रोज चार मैल, साखर बंद, पहाटे पाचला उठणे. खात्री दहा. सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवलं.
शेजारचा व्हर्लिन ट्वेटही वर्गात निघाला. पोस्टातून रिटायर, दोन वर्षांपूर्वी बायको जॉइस वारली. स्वतःच्या खुर्चीत बसतानाही परवानगी मागेल असा माणूस. त्याने लिहिलं: दुपारच्या जेवणानंतर किचनपासून गराजपर्यंत चालत जाऊन परत येणे. खात्री सात.
मी हसलो. एकटाच.
माय येरने त्याला विचारलं, सातच का, चार का नाही? झालं. गडी दहा मिनिटं बोलला. जॉइसची खुर्ची, जेवल्यावर त्या खुर्चीकडे बघत बसणं, गाडी थंडीने गारठली नाही ना हे बघायला तरी उठवतंच. तीन बायकांनी डोळे पुसले. त्यातली एक माझी.
मला कोणी काही विचारलं नाही. दहाला विचारण्यासारखं काही उरतच नाही.

७ जानेवारी, पहाटे ५.००
उठलो. बाहेर उणे अठरा. असल्या हवेत केलेली सुरुवात प्रातिनिधिक ठरणार नाही. परत झोपलो. उठणे हा भाग मात्र पूर्ण झाला, नोंद असावी.

१३ जानेवारी
व्हर्लिनने सातपैकी सहा दिवस केलं. टाळ्या! गराजला जाऊन आला म्हणून टाळ्या! त्याच्या गराजमधला हीटर मी बसवलाय, अंतर मला पाठ आहे. एकतीस फूट. जाऊन-येऊन बासष्ट, सहा दिवसांचे तीनशे बहात्तर. हे मी वर्गात सांगितलं. आर्डिसने कोपर मारलं.
माय येरने विचारलं, डेलमार, तुमचं कसं चाललंय? मी म्हणालो, पूर्वतयारी चालू आहे. ती म्हणाली, काम थोडं लहान करून बघायचं का? मी म्हणालो, लहान कामं व्हर्लिनला द्या. तो हसला. खरंच हसला, रागावलाही नाही. अशा माणसाचं करायचं काय?

२० जानेवारी
व्हर्लिन आता मॉलमध्ये चालतो. दुकानं उघडायच्या आत, सात वाजता, चालणाऱ्यांसाठी दार उघडतात. आर्डिसही जायला लागली. त्याला बर्फात गाडी चालवायची भीती वाटते म्हणून आमच्या गाडीतून नेते. मला म्हणाली, चल ना डेल, दोन फेऱ्या म्हणजे एक मैल होतो. मी तक्ता आखत होतो. चार रंग, बारा आठवडे, मैलांसाठी वेगळा रकाना. आधी तक्ता, मग चालणं. उलट केलं तर पहिले मैल नोंदीशिवाय जातील.
आणि दोन फेऱ्यांचा मैल होतो हे ठरवलं कोणी?

२७ जानेवारी, सकाळी ९.१५
मोजणीचं चाक घेऊन मॉलमध्ये गेलो. भिंतीपासून तीन फूट अंतर ठेवून पूर्ण फेरी मोजली. दोन हजार पाचशे चौदा फूट. दोन फेऱ्या पाच हजार अठ्ठावीस. मैल पाच हजार दोनशे ऐंशी. रोज दोनशे बावन्न फुटांची फसवणूक! फूड कोर्टपाशी चालणाऱ्या सगळ्यांना थांबवून सांगितलं. वाटलं होतं, व्हर्लिनचं तोंड उतरेल.
तो म्हणाला, बरं झालं बाबा सांगितलंस, आम्ही आपले आंधळेच. आणि दोन फेऱ्यांनंतर चपलांच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

३ फेब्रुवारी
त्या जादा तुकड्याला आता 'डेलमार' म्हणतात. आर्डिस फोनवर कुणाला तरी सांगत होती, आज डेलमार करताना धाप लागली नाही.
आठ जण रोज माझ्या नावावर चालतात. मी सोडून.

१० फेब्रुवारी
खात्री पुन्हा दहा लिहिली. माय येरने वर्गानंतर बाजूला घेऊन विचारलं, समजा, सहा लिहिलंत तर काय होईल? मी म्हणालो, मग मी सहाचा माणूस होईन. तिने वहीत काहीतरी टिपलं. बहुधा वाक्य आवडलं असावं.
चर्चच्या बायकांनी साखर पेरलेले लेमन बार आणले होते. चार खाल्ले, पण प्रत्येकाची एक कड सोडली. तीन म्हणायला हरकत नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळी ७.२०
मॉलमध्ये गेलो. चालायला नाही, बघायला. कॉफीवाल्याचं दुकान लवकर उघडतं, तिथून पूर्ण वळण दिसतं. नुसतं कसं बसायचं म्हणून एक सिनॅमन रोल घेतला. निरीक्षण लांबलं म्हणून दुसरा.
व्हर्लिन आर्डिसच्या डाव्या हाताला चालतो. एकोणतीस वर्षं ती बाजू माझी आहे. ती त्याला काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. यात काय एवढं? मीही न बोलता ऐकू शकतो, मुद्दा चुकीचा नसेल तर.
कॉफीवाला म्हणाला, मिस्टर डेलमार ना तुम्ही? तो तुकडा तुमचाच ना? पैसे घेतले नाहीत.

३ मार्च
उपाय सापडला. कुणाची तरी बिघडलेली ट्रेडमिल उचलून आणली. घरच्या घरी चालेन, म्हणजे महिनाभरात व्हर्लिन मागे पडेल. मोटर उघडली. बेअरिंग गेलंय.

१६ मार्च
ट्रेडमिल सुरू झाली. बेअरिंग बदललं, पट्टा समांतर केला. नवी असतानाही इतकी गुळगुळीत चालली नसेल. आर्डिसला दाखवायला बोलावलं. ती म्हणाली, छान झालीय, आता चढ. मी म्हणालो, रिकामी चोवीस तास चालू द्यावी लागते. ती जायला निघाली. तिचा कोट खांद्यावरून घसरत होता. कधी एवढी बारीक झाली?

२४ मार्च
रक्त दिलं. ट्रेडमिलने आतापर्यंत एकशे बारा मैल पूर्ण केलेत. रिकामी.

३१ मार्च, संध्याकाळ
आर्डिस ५.८. व्हर्लिन ५.९. मी ६.९.
डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, जेवणाबरोबर. मी रक्ताचं मशीन कधी तपासलं होतं ते विचारलं. त्यांनी न चिडता तारीख सांगितली. मार्चचीच होती.
शेवटच्या वर्गात माय येरने जाहीर केलं, पुढच्या गटाला सोबत म्हणून व्हर्लिन येणार. त्याला बोलायला उभं केलं. पठ्ठ्या म्हणाला, मला काही येत नाही, मी फक्त गराजपर्यंत जायचो. सगळे उभे राहिले. मीही राहिलो. एकट्याने बसून राहणं बरं दिसत नाही.

१ एप्रिल
गोळी घेतली. पांढरी, लांबट, मध्ये रेघ. घशात अडकल्यासारखी वाटली. डॉक्टर म्हणतात, तसं वाटतं फक्त.
आर्डिसला विचारलंच शेवटी. म्हटलं, माझ्यात काय कमी होतं म्हणून त्या पोस्टवाल्याबरोबर चालायला गेलीस? ती भांडी पुसत होती. म्हणाली, पहिल्या मंगळवारी मी लिहिलं होतं, जेवताना ब्रेडची एकच स्लाइस. पुढे तीन टाकले. तू बघशील म्हणून कागद दुमडून पर्समध्ये कोंबला. व्हर्लिनने पाहिलं. म्हणाला, माझेही आधी तीनच होते, काम लहान केलं तेव्हा सात झाले. मग म्हणाली, तुझ्या शेजारी बसून तीन लिहिता येत नाहीत, डेल.
मी घड्याळाकडे बघितलं. वेळ संध्याकाळी ६.१०.
मग विचारलं, उद्या मी आलो तर? ती म्हणाली, ये की. विचारलं, गाडीत पुढे कोण बसतं? म्हणाली, व्हर्लिन. त्याचा गुडघा दुमडत नाही रे, त्याला जागा लागते.
मागे बसेन म्हणालो.