डावा डोळा आधी बरा झाला

जबलपूर, १२ फेब्रुवारी १९४४

ती. अनसूयाआत्यास,

श्रीपादचा साष्टांग नमस्कार. इथे सगळे खुशाल. शैलजाने परसात लावलेली मेथी छान आली आहे. लढाईमुळे कारखान्यात तिन्ही पाळ्या चालतात आणि दवाखान्यात मला बसायला फुरसत नाही.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. बातमी आनंदाची आहे आणि ती आधी तुलाच सांगायची आहे.

डिसेंबरात तुळशीराम टर्नरच्या दोन्ही डोळ्यांत लेथवरचा लोखंडी कीस उडाला. कण काढले, पण दोन्ही बुबुळांवरच्या काचेसारख्या पडद्याला सारखेच ओरखडे. उजव्या डोळ्यात दुखणं थांबवणारे माझे लाडके थेंब घातले आणि डाव्याच्या वेळी बाटलीच संपली! डावा नुसता स्वच्छ पट्टीने झाकला. तिसऱ्या दिवशी गडी म्हणतो, "डॉक्टरसाब, उजव्यानं तुमचं काय बिघडवलं होतं? डावा तर कालपासून मजेत बघून राहिला!"

हसलो, पण झोंबलं. मग असे छत्तीस कामगार तपासले, निम्म्यांना थेंब, निम्म्यांना नुसती पट्टी. हिरवा रंग घातला की ओरखडा दिसतो, दर सहा तासांनी त्याचं चित्र काढायचं. आत्या, काय गंमत आहे गं! दुधावरची साय बोटाने सारली की कडेने परत येते ना, तसा तो पडदा कडेने सरकत जखम झाकतो. काठाशी नवा थर उगवतच असतो. दीड दिवसात हिरवं गायब! थेंबवाल्यांना मात्र तीन-तीन दिवस.

म्हणजे "डोळ्यात काही घालू नकोस, झाक, तो आपला आपण बरा होतो," हे तुझंच खरं. एवढं लिहायला मी चार कागद फाडले.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या अंबादासच्या मुलीच्या डोळ्यावर तू बांधलेली पट्टी मी सगळ्यांदेखत ओढून काढली. तुला अडाणी म्हणालो. आईवेगळ्या मला जिने वाढवलं, तिला. तू पेटी भरून नागपूरला बंडूकाकाकडे निघून गेलीस. माझं चुकलं, आत्या. तेव्हाच कळलं होतं, पण डिग्रीचा ताठा आडवा आला. ती पोर आता ठणठणीत बघते, बरं का.

शैलजा म्हणते, पत्रातच माफी मागा आणि मोकळे व्हा. तसं नाही चालायचं. चारचौघांत बोललो, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी, आणि ते चौघे इथे आपल्या गढा वस्तीत, आपल्याच अंगणात बसतात. तेव्हा तुला यावंच लागेल. पुढच्या शनिवारी घ्यायला येतो. पेटी भरून ठेव.

तुझ्या हातचं खाऊन मोठा झालेला, शहाणा मात्र आत्ता कुठे होत असलेला,

श्रीपाद