नाल्यापलीकडची यादी

सोम. ३ मार्च १९८६

आज तिसरी 'ब'मध्ये एकही बाक असा नाही, ज्यावर चौघी-चौघे नाहीत. उरलेली खाली सतरंजीवर. फळ्यापासून माझ्या पायापर्यंत जागा म्हणाल तर एक पाऊल. हजेरी घेता घेता घंटा होते, मग शिकवायचं काय? कॉलनीतली आणखी एक बिल्डिंग तयार झाली, ताबा मिळाला की पंधरा दिवसांत तिथली मुलं दाखले घेऊन हजर. बोरिवलीत माणसं येतायत की ओतली जातायत कळत नाही. मी तरी कोण म्हणा, आम्हीही गेल्याच वर्षी घाटकोपरची खोली सोडून इथे आलो.

माझी मिठू आणि शेजारची नंदा एकाच बाकावर, कडेला. मिठूचा अर्धा पाय बाहेर. तिला त्याचं काही नाही. नंदा जवळ असली की झालं.

दुपारचा जादा वर्ग माझ्याच गळ्यात. तीनला घरी. तोवर मिठू नंदाच्या आईकडे, सावंतवहिनींकडे जेवून नंदाबरोबर झोपलेलीसुद्धा असते. वहिनी नसत्या तर माझं काय झालं असतं?

गुरु. ६ मार्च

हेडबाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. जूनपासून नाला ही हद्द. नाल्याअलीकडची मुलं या शाळेत, पलीकडची नव्या शाखेत. नवी शाखा म्हणजे हायवेच्या पलीकडे पत्र्याच्या चार शेड. इमारत 'होईल'.

नाल्यापलीकडे म्हणजे आमची कॉलनी. म्हणजे मिठू. आमच्या कॉलनीतून हायवे ओलांडायचा म्हणजे! सिग्नल नाही, पूल नाही. ट्रक थांबत नाहीत, मोठी माणसं तिथे पळतात.

बाकीच्या उठल्यावर हेडबाईंनी मला थांबवलं. "तुमच्या मुलीचं नाव नव्या शाखेच्या यादीत घालू नका. शिक्षकांच्या मुलांना सवलत आहे. फक्त बोभाटा नको."

मी "थँक्यू बाई" म्हणाले. दोनदा.

शनि. ८ मार्च

रात्री मिठूच्या बाबांना, अ. ला सांगितलं. तो म्हणाला, "चला, सुटलो." आणि पेपर उघडला. मी विचारलं, "आणि नंदा?"

"नंदाचं तिचे आईबाप बघतील. तू काय शाळा विकत घेतलीयस?"

बरोबरच आहे. तरी वहिनींना काही सांगितलं नाही. आज त्यांनी मिठूसाठी घावणे ठेवले होते. मीही दोन खाल्ले.

गुरु. १३ मार्च

नोटीस लागली. संध्याकाळी जिन्यात बायकांनी मला घेरलं. मी शाळेतली, म्हणजे शाळाच जणू. मी म्हणत राहिले, नवी शाखा चांगली आहे, वर्गात मुलं कमी असतील, नीट लक्ष देता येईल. हे सगळं खरं आहे. हायवेबद्दल कोणी विचारलं की म्हणायचे, संस्था काहीतरी करेल. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही.

वहिनी मागे उभ्या होत्या. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "बाईनू, आणि मिठूचा काय?"

म्हटलं, "बघू. अजून काही ठरलं नाही."

थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं, माझं.

मंगळ. १८ मार्च

पत्त्याचे फॉर्म आले. आपापल्या वर्गाचे तपासायचे, शंका असेल तिथे घरी जाऊन यायचं. वर्गशिक्षकाने खाली लिहायचं: 'येथे राहते' किंवा 'येथे राहत नाही'. आणि सही.

नंदाचा फॉर्म उघडला. पत्ता नाल्याअलीकडच्या चाळीतला, वहिनींच्या नणंदेचा. सोबत रेशनकार्डाची नक्कल, नणंदेच्या कार्डावर शेवटी नंदाचं नाव. शाई ताजी.

मग आठवलं. शुक्रवारी वहिनी दुपारभर घरी नव्हत्या, मिठूने सांगितलं होतं, "काकू रेशनच्या ऑफिसात गेल्यात."

माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी पोर. तिचं पाढे म्हणणं मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. हा फॉर्म माझ्याच वर्गात येणार हे वहिनींना माहीत नव्हतं का? माहीत होतं. म्हणूनच भरला असेल.

बुध. १९ मार्च

वहिनी दारात आल्या. हातात सुकटीची चटणी. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही काय्येक करू नका. फक्त गप ऱ्हवा."

सावंतांची मिल बंद झाल्यावर लालबागची जागा विकून ही माणसं इथे आली. आता ते एका कारखान्याच्या गेटवर बसतात. वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्या रस्त्यावरसून माझा पोर जातला?"

मी चटणीची वाटी घेतली.

शुक्र. २१ मार्च

जायचंच होतं, गेले. चाळीतली खोली, नणंदबाईंनी अगदी तयारी केलेली. दोरीवर नंदाचे दोन फ्रॉक. कोपऱ्यात तिचं दप्तर. दारात चपला नीट लावलेल्या. आणि नंदा स्वतः, कॉटवर, मांडीवर हात ठेवून.

मी विचारलं, "नंदा, तू कुठे राहतेस गं?"

तिने कविता म्हणतात तसं सांगितलं, "बाई, मी इथंच आत्याकडे राहते."

आज सकाळी हिनेच माझ्याकडून विरजणाला दही नेलं होतं. तिला माहीत, मला माहीत. आठ वर्षांची पोर माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलली आणि मग रडू येऊ नये म्हणून ओठ दाबून बसली. मी वर्गात खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करते.

"बरं," म्हटलं आणि निघाले. रकाना कोराच.

गुरु. २७ मार्च

लिहिलं.

सकाळी हेडबाई म्हणाल्या, संस्थेकडे तक्रार गेली आहे, शाळेत पत्ते खोटे चालतात. एक जरी खोटा निघाला, तरी सगळ्या सवलती रद्द, शिक्षकांच्यासुद्धा. हे बोलताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं, किंवा मला तसं वाटलं.

मला दिसली ती मिठू, हायवेच्या कडेला. दुसरं काही दिसलं नाही. नंदाच्या फॉर्मवर 'येथे राहत नाही' लिहिलं, सही केली, ढिगाच्या मध्यात सारला. खरं तेच तर लिहिलं. मग लपवला कशाला?

शनि. २९ मार्च

यादी लागली. नंदा सावंत, तिसरी 'ब'. माझ्याच अक्षरात, कारण वर्गाची यादी वर्गशिक्षकाने करायची.

तीनला धसकतच घरी आले. मिठू नेहमीसारखी वहिनींकडे जेवलेली. आमटी, भात, वर पापड. वहिनींनी दार उघडलं, मिठूची वेणी घातली होती ती दाखवली, म्हणाल्या, "केस वाढले हो हिचे."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरु. १० एप्रिल, पाडवा

वहिनी मिठूसाठी साखरेची गाठी घेऊन आल्या. अ. आत होता. मी चहाला उठले तर म्हणाल्या, बसा.

"तुम्हीच लिवलात मां?"

"हो."

"माका वाटलाच." मग गाठी पुढे करत, "मिठूचा नाव यादीत नाय."

मी म्हटलं, "वहिनी, मी घाबरले." एवढंच निघालं तोंडातून. त्यांनी मान हलवली. रागाने की समजून, ते कळलं नाही. चहा मात्र घेतला नाही. सणाच्या दिवशी माझ्या घरून त्या चहा न घेता गेल्या, हे पहिल्यांदाच.

रवि. १ जून

मे कोरा गेला. सावंत गावाला, आम्ही इथेच. मिठूने सुट्टीभर नंदाला पत्रं लिहिली. पाठवायची राहिली ती राहिलीच. गठ्ठा टीव्हीवर पडलाय.

सोम. १६ जून

शाळा सुरू. वाटलं होतं, एवढी मुलं गेली, जरा मोकळं होईल, फळ्याजवळ दोन पावलं तरी. कसलं काय! नाल्याअलीकडे दोन नव्या बिल्डिंगा भरल्यात. चौथीतही बाकावर चौघं, खाली सतरंजी. एक मुलगा खिडकीच्या कठड्यावर बसू का विचारत होता.

मिठूच्या शेजारी, नंदाच्या जागी, दुसरी मुलगी. जागा एक दिवससुद्धा रिकामी राहिली नाही.

मग आम्ही हे सगळं केलं कशासाठी?

बुध. १८ जून

नवी शाखा दुपारी बारा ते पाच. आज मला ताप होता म्हणून घरी होते, तर पाहिलं. वहिनींनी सासूबाईंचं जुनं नऊवारी काढलंय. त्याची लांब दोरीसारखी घडी. मुलांनी एका हाताने काठ धरायचा, पुढे एक आई, मागे एक आई. कॉलनीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्यात.

गॅलरीतून हायवेचा तुकडा दिसतो. मुलं कडेला थांबली, किती वेळ थांबली. मग वहिनींनी हात वर केला आणि सगळी एकदम धावली, मधल्या पट्ट्यापर्यंत. तिथे पुन्हा थांबली. मध्ये एक ट्रक आला आणि त्याच्यामागे मला काहीच दिसेना. ट्रक गेला तर सगळी तिथेच, साडी धरून. मी गॅलरीचा गज धरला होता, हाताला गंज लागला.

मंगळ. २४ जून

मिठू जेवत नाही म्हणून वहिनींची तक्रार. दुपारी नंदा शाळेत, ही एकटी त्यांच्या स्वयंपाकघरात. अजूनही जेवायला तिथेच. मी विचारलंही नाही, त्यांनीही थांबवलं नाही.

मी रागावले तर मिठूने विचारलं, "आई, नंदाला तूच तिकडे पाठवलंस?"

कोणी सांगितलं, विचारलं. म्हणाली, "नंदाने. ती म्हणाली, बाईंना खोटं आवडत नाही ना."

नंदा माझी बाजू घेत होती! मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. पुरतं.

शुक्र. ४ जुलै

अर्ज लिहिला. 'माझ्या मुलीचे नाव नव्या शाखेत वर्ग करावे ही विनंती.' अ. ने वाचला.

"डोकं फिरलंय का तुझं? एका पोरीला तिकडे धाडलंस, त्याचं वाईट वाटतं म्हणून आता दुसरीलाही?"

म्हटलं, "मग नंदाच का?"

"मिठू सावंतांची असती आणि नंदा आपली, तर तू काय केलं असतंस ते सांग. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तिने रोज हायवे ओलांडायचा?"

तो बरोबर बोलतो तेव्हा जास्तच चीड येते. अर्ज पर्समध्ये ठेवला.

सोम. ७ जुलै

हेडबाईंना विचारलं, नंदाला परत घेता येईल का, माझ्या मुलीची जागा सोडते. त्या थकल्यासारख्या हसल्या. "तुम्ही जागा सोडलीत तर त्या जागेवर नाल्याअलीकडची पोर येईल. रांग तुम्हाला माहीत आहे." म्हणजे तेही नाही.

घरी आले तर दारात वहिनी, हातात पाळ्यांचा कागद. खालच्या मजल्यावरची पाटीलबाई बाळंतपणाला गेली.

"बुधवार संध्याकाळची परतीची पाळी रिकामी हा. तुमका जमतला काय? तुम्ही तीनला सुटतास."

कागदावर सगळ्यांची नावं होती. कॉलनीत माझं, 'बाईंचं', नाव नसलेला हा एकच कागद असेल. मी माझं नाव स्वतः लिहिलं.

बुध. ९ जुलै

साडेचारला निघाले. मिठू हट्टाने बरोबर आली, तिचा हात घट्ट धरून ओलांडलं. शेडच्या बाहेर चिखल, आत मात्र खरंच ऐसपैस. एका बाकावर दोघंच. बाईंना प्रत्येकाचं नाव माहीत. हे मला आवडलं आणि आवडलं म्हणून वाईट वाटलं.

अकरा मुलं. साडी उघडली, पुढचं टोक मी, मागचं वहिनींनी. मिठूला म्हटलं, माझा हात धर. म्हणाली हो.

गाड्या संपेनात. नंतर एक फट दिसली, मी हात वर केला, "चला!" मधल्या पट्ट्यावर पोचून मोजली. बारा. पुन्हा मोजली, बारा. मिठू माझ्या हाताशी नव्हतीच. ती शेवटी, नंदाच्या मागे, काठ धरून उभी. दोघी खिदळत होत्या. शेजारून बस गेली, साडीला हिसका बसला. मिठूला हाक मारली ती बसच्या आवाजात विरली. बाकीच्या अकरांसाठी माझा जीव असा का घाबरला नव्हता? हे रोजचं आहे, रोज दोनदा, आणि वहिनी हे करून घरी येऊन माझ्या मुलीची वेणी घालतात.

अलीकडे आल्यावर मुलांनी साडी सोडली आणि पळाली. मी फुटपाथवर बसलेच. वहिनींना अर्ज दाखवला. वाचता येतं त्यांना, सावकाश वाचला, घडी करून माझ्या पर्समध्ये परत घातला.

"नको बाईनू. एक तरी पोर हयच ऱ्हवांदे. दोघींका कित्याक?"

मी म्हटलं, "मिठूलाच यायचंय."

"पोरांका काय, त्यांका मजा वाटता." मग हायवेकडे बघत, "माका रोज अकरा मोजतानाच धडकी भरता. बारा झाली तर आणिक भरतली. तुमचा तुम्ही बघा."

साडीला चिखल लागला होता. मी धुवायला आणली. आत्ता गॅलरीत पसरली आहे, इकडच्या कठड्यापासून वहिनींच्या कठड्यापर्यंत, एवढी लांब. मिठू तिच्या खालून ये-जा करत विचारतेय, उद्यापासून मी पण ना?

उद्या मी शाळेला निघायच्या आत वहिनी साडी न्यायला येतील. हेडबाई सात वाजता ऑफिसात असतात. अर्ज अजून पर्समध्येच आहे.