लहानूची साक्ष

शनिवार, २ नोव्हेंबर
पुलगावात पोचलो. मी ज्या चर्चचा पाळक म्हणून आलोय, त्या मंडळीचे सेक्रेटरी मुकेशभाऊ स्टेशनावर न्यायला आले होते. ते दारूगोळा डेपोत कारकून आहेत. पाळकगृह दोनच खोल्यांचं, पण भिंतींना नुकताच चुना दिलाय. ओट्यावर वरण-भात झाकून ठेवलेला होता. शेजारच्या छायाताईंनी दिवाळीचा चिवडा आणि अनारसे आणून दिले. मंडळीत चाळीस घरं आहेत, बहुतेक डेपोतली आणि गिरणीच्या जुन्या कामगारांची. राहुरीला बाबांना फोन केला. मी जन्मलो तेव्हाच त्यांनी मला देवाला वाहिलं होतं. आज मला स्वतःची मंडळी मिळाली म्हणून ते रडले. इथली बोली कानाला नवी आहे. मले, तुले, करून राह्यलो. मजा वाटते.

रविवार, ३ नोव्हेंबर
पहिली उपासना. नव्या पाळकानं आपल्या पाचारणाची, म्हणजे देवानं सेवेसाठी कसं बोलावलं त्याची, साक्ष द्यावी, अशी इथली पद्धत. मी नेहमीचीच दिली. शेतातल्या मचाणावर तीन दिवस तापात पडलो होतो, देवाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी मला कुणीतरी नावानं हाक मारली. नंतर धुरपताबाईंनी माझे दोन्ही हात धरले. मंडळीत त्या सगळ्यांत वयस्क. म्हणाल्या, “पास्टर, तो कुत्रा तीन दिवस तुमचे पाय चाटत राह्यला, ते आयकून मले रडूच आलं.”
मी हसलो. कुत्र्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
घरभेटींच्या निमित्तानं धुरपताबाईंकडे जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच तं सांगतलं.
आजवर कुठं लिहिलं नाही ते आता लिहितो. ती साक्ष माझी नाही. नऊ वर्षांपूर्वी सेमिनरीच्या मुलाखतीला मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. शेजारी लहानू होता, केळझरच्या पलीकडच्या खेड्यातला, मजुरी करणाऱ्या बाईचा मुलगा. तो घाबरला होता. भीती जावी म्हणून त्यानं मला सगळं सांगितलं : ताप, मचाण, कुत्रा, हाक. आधी मला आत बोलावलं. पंचांनी विचारलं, तुमचं पाचारण कसं झालं? माझ्याजवळ बाबांच्या इच्छेशिवाय काही नव्हतं. तोंड उघडलं आणि लहानूचं सगळं बाहेर आलं. फक्त कुत्रा वगळला. एवढीच माझी लाज.
मग तो आत गेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. दुसऱ्याची साक्ष पाठ करून येणं म्हणजे पाचारण नव्हे, असं त्याला सांगितलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला. मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत.
चार महिन्यांनी कळलं, तो गेला. कशानं, ते मी विचारलं नाही.

रविवार, १० नोव्हेंबर
आभार मानायच्या वेळी मुकेशभाऊ उठले. त्यांच्या मुलीला सावंगीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, त्याबद्दल बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, “मी मचाणावर पडलो होतो. अंगात ताप. कुत्रा पाय चाटून राह्यला होता.” शेवटपर्यंत सांगितलं. कुणी मान वर करून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, मी तं पोरीच्या अॅडमिशनचे आभार मानले, पास्टर.

रविवार, १७ नोव्हेंबर
आज मंडळीतल्या सुलोचनाबाई उठल्या. त्यांची साक्ष आणखी पुढे गेली. व्हरांडा, बाक. “बाजूले एक पोरगा बसला होता. त्याले मी समदं सांगतलं. लय चांगला वाटला मले.”
आशीर्वाद न देताच मी उपासना संपवली. वेदीपाशी गुडघे टेकायचं धाडस झालं नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
कबुली द्यायचीच, असं ठरवून लहानूच्या गावी गेलो. त्याची आई भागीरथाबाई दारात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. माझी पावलं ऐकून म्हणाली, “आला का रे लहानू?”
मी नाही म्हणालो नाही. तिनं भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी जेवलो. ती पाठीवरून हात फिरवत होती, आणि मी तिच्या मुलाच्या वाट्याचं जेवत होतो. निघताना म्हणाली, “लवकर येजो.” मी म्हणालो, “हो, माय.” माझ्या आईला मी आई म्हणतो.
कुंपणापाशी शेजारच्या कोकिळाबाईंनी अडवलं. तो गेल्यापासून म्हातारीनं आजच्या आधी कुणालाच त्याच्या नावानं हाक मारली नाही, म्हणाल्या. मुलाखतीहून तो घरी आलाच नाही. थेट मचाणावर जाऊन बसला. नंतर ताप भरला. औषध घेईना, खाली उतरेना. एवढंच म्हणायचा, “माह्या नावाची हाक दुसऱ्याले गेली.”
मी कोण, ते त्यांनाही सांगितलं नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर
सगळ्यांसमोर उभा राहिलो. ‘मी चोरी केली’, एवढेच शब्द म्हणायचे होते. तोंडातून आलं, “त्या दिवशी मले आत बोलावलं, अन् माह्यं कोणी आयकलंच नाई—” पुढचं सगळं माझ्याच आवाजात. मंडळी माना डोलावत होती. धुरपताबाई रडल्या. मुकेशभाऊ म्हणाले, इतकं सुंदर प्रवचन अजून झालं नव्हतं.

सोमवार, २५ नोव्हेंबर
बाबांना फोन केला. सगळं सांगणार होतो. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मी म्हणालो, प्रफुल. ते म्हणाले, माझ्या मुलाचा आवाज असा नाही. आणि ठेवला.
पुन्हा लावला नाही. त्यांनी तरी ‘हा माझा मुलगा नाही’ म्हटलं ते बरंच—

बुधवार, २७ नोव्हेंबर
ताप. छायाताई गोळ्या देऊन गेल्या. घेतल्या नाहीत. का, ते— मी नको म्हणालो नाही, हातच—
वहीवर नाव लिहून पाहिलं. प्र— पुढचं अक्षर—

गुरुवार
मचाणावर ऊन लय हाये. मायनं भाकर धाडली, घशाखाली उतरत नाई. खाली कोणी येऊन उभा हाये. वर पाह्यत नाई, वाकून बुटाची नाडी बांधून राह्यला. मले माफ कर म्हणते, सारखा तेवढंच म्हणते, अन् रडून राह्यला. मले त्याचा राग नाई. त्याले म्हणतो, वर ये गड्या, पाणी तरी पी. पन त्याले आयकू जात नाई. मी काऊन— जोऱ्यानं म्हणतो, वर ये, पन तो आता चालला— थांब, मी तुले—