नाकाच्या जागी नळ

होळीपौर्णिमा, संध्याकाळ

आमच्या गल्लीला पाणी न देणाऱ्या नगरसेवकाचं व्यंगचित्र मी काढलं होतं, नाकाच्या जागी कोरडा नळ. पोरांनी प्रती छापून पंचवटीभर चिकटवल्या, एक आज होळीतल्या पुतळ्याच्या तोंडाला लावली. पेटवणार तोच साहेब स्वतः हजर! बोंब मारायला जमलेले सगळे हात जोडून उभे. साहेबांनी त्या नळाशेजारी उभं राहून सेल्फी काढला. वर होळी पेटवायचा मानही आमच्याच लोकांनी त्यांना दिला.

‘नाक झकास जमलंय हो! एक प्रत द्या, ऑफिसात फ्रेम करून लावतो.’

आणि मी? खाली सही करून दिली. ‘थँक्यू साहेब’ म्हणालो. का म्हणालो?

घरी येऊन हात धुवायला नळ सोडला. नुसती हवा आली.