संत मातेओची फेरी मोजत नाहीत

३ मार्च, लॉस एंजेलिस
यादिरासोबत वकीलबाई ओचोआंकडे गेलो. यादिरा इथलीच नागरिक, मी तिचा कायदेशीर नवरा, पोरगी शाळेत जाते. ग्रीन कार्ड खिशात पडल्यातच जमा! बाई म्हणाल्या, तुम्ही चोरून आलात, इथे बसून मिळणार नाही. आधी बेकायदा राहिल्याची माफी मंजूर करून घ्या, मग मेक्सिकोत हुआरेसला मुलाखत. सीमा किती वेळा ओलांडली? एकदाच, मी ठणकावलं.
बाहेर यादिराने दंडाला चिमटा काढला. आणि गावी संत मातेओच्या जत्रेला गेला होतास, ते रे? आता ते कसं धरायचं? गावाने बँडच्या सेवेला बोलावलं आणि गेलो नाही, तर बापाच्या घरावरचा हक्क जातो. गेलो, टुबा, म्हणजे बँडमधला तो अगडबंब पितळी भोंगा, वाजवला, पहिल्यांदा आलो त्याच सीमेवरच्या डोंगरातून परत आलो. येणं एकदाच. नंतरचं ते घरी परतणं.

१९ मार्च
यादिराचा एकच धोशा : बाईंना खरं सांग. उद्या नक्की सांगणार.

२० मार्च
बाई घाईत होत्या. शिवाय माझं पोट बिघडलेलं.

२ ऑक्टोबर (मध्ये दोन वर्षं वही सापडत नव्हती)
माफी मंजूर! गप्प राहिलो म्हणूनच. मी आणि यादिरा राबतो त्या हॉटेलच्या भटारखान्यात खोक्यावर चढून बोललो : ज्या हातांनी या शहराला जेवू घातलं, ते हात आता लपणार नाहीत! चुलतभाऊ फौस्तो ओरडला, नेते, खाली उतरा, भात करपतोय.
यादिरा हसली नाही. म्हणाली, जाऊ नकोस तेयो. लपूनछपून का होईना, रोज घरी तरी येतोस. मी म्हणालो, लपून जगणं हे जगणंच नव्हे! तिने भाताचं पातेलं घासायला घेतलं.

१४ जानेवारी, हुआरेस, सकाळ
संकल्प : विचारतील तेवढंच बोलायचं.

दुपार
अधिकारीबाई फार चांगल्या. लग्नाचं पटकन उरकलं. फावल्या वेळात काय करता? टुबा वाजवतो. त्या चक्क हसल्या. गावी वाजवलात कधी? इथे मला राहवेना. सांगितलं, जत्रेला सगळ्या दरीतले लोक लोटले होते, पण टुबा माझाच! कोणत्या साली? सालही सांगितलं. त्यांचं हसू गेलं. परत कसे आलात?
खोटं बोलता आलं असतं. पण संताची सेवा नाकारायची? मान ताठ ठेवून म्हणालो, डोंगरातून.

१५ जानेवारी
ओचोआबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, माफी रद्द. वर्षाहून जास्त बेकायदा राहून बाहेर गेलात आणि पुन्हा चोरून आलात. आता दहा वर्षं बाहेरच. त्यानंतर फक्त विनंती करता येते. मी विचारलं होतं ना हो तुम्हाला?
चूक कायद्याची आहे. जोरदार पत्र लिहिणार.

२१ सप्टेंबर, गाव
आज जत्रा. पत्राचा मसुदा जवळपास तयार.
घरी फोन केला. पोरगी म्हणाली, बाबा, भाषण नको, कधी येणार तेवढंच सांग. लवकर, म्हणालो. तिने फोन आईकडे दिला. यादिरा म्हणाली, भात करपतोय, ठेवते.
माझा टुबा तिकडेच राहिला. इथल्या टुब्याला माणूस आहे. जत्रेच्या समितीने मला झांजा दिल्या.