दोन्ही गटांना चहा

लासुर्णे, १२ जानेवारी २०२५

चि. दीपकराव यांस तात्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकडचे मोबाईलचे टॉवर पाडलेत म्हणे, फोन लागत नाही, म्हणून सुट्टी संपवून तिकडं निघालेल्या तुझ्या कारखान्यातल्या विशालबरोबर हा कागद. तू आफ्रिकेत मालीतल्या साखर कारखान्यात गेलास आणि तुझ्या आईला टीव्हीवर जिहादी शब्द ऐकला तरी घास जाईना. मी वहिनींना समजावलं, की तिथं एक गट अल कायदाचा, दुसरा इसिसचा, आणि दोघांचं आपसात फाटलंय; मग काळजी कशाला? आपल्या कारखान्याच्या निवडणुकीत मी दोन्ही गटांना चहा पाजतो, दोघंही मला आपला समजतात. तूही दोघांशी गोड राहा. सोबत पाठवलेल्या कुरडया एकटा खाऊ नकोस.

माया आहेच.
दत्तोबा तात्या

माली, २ मार्च

ती. तात्यांस सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला मी आमच्या फोरमनला, मामादूला, मोडक्या फ्रेंचमध्ये ऐकवला. तो पोट धरून हसला आणि त्यानं तोच उत्तरेकडं गावप्रमुख असलेल्या थोरल्या भावाला कळवला. भाऊ अल कायदावाल्यांना धान्य देत होता, तो इसिसवाल्यांनाही देऊ लागला.

हे दोन्ही गट पूर्वी एका ताटात जेवायचे. मग कुणाचा अमीर, म्हणजे म्होरक्या, मोठा आणि कुठलं गाव कुणी लुटायचं, यावरून फाटलं. अल कायदावाल्यांनी भावाला गद्दार ठरवून मशिदीच्या दारात मारलं, नमाज पढून बाहेर पडताना. आठवड्यानं इसिसवाले आले. गावानं भिऊन धान्य बंद केलं म्हणून त्यांनी त्याच्या चुलत्याला मारलं. दोघांच्याही तोंडी देवाचं नाव! शिसारी येते, तात्या. आपल्याकडं गट फुटला तर फार तर चेअरमन बदलतो.

मामादू मला दोष देत नाही. भावाची बायको गावातच अडकलीय, रस्ते दोघांनी अडवलेत आणि धान्यासाठी दोघांचेही तिला निरोप आलेत. तिनं आता धान्य कुणाला द्यावं, हे तुम्हाला विचारायला त्यानं सांगितलंय. विशाल नोकरी सोडून परततोय, त्याच्या हाती पत्र देतो. उत्तर लवकर कळवा.

आपला,
दीपक

लासुर्णे, १९ मार्च

चि. दीपक यास आशीर्वाद.

पत्र वहिनींना वाचून दाखवत होतो, तर मधेच त्यांनी कागद ओढून घेतला. वाचून एवढंच म्हणाल्या, की भावजी, आता तरी गप बसा.

त्या हरामखोरांची किळस आलीच, पण माझ्या चहाचीही आली. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलोय. एकाला दे म्हणावं तर दुसरा मारणार; दोघांना दे म्हणून मी एक माणूस घालवलाच. साऱ्या गावाला सल्ले दिले मी. मामादूला सांग, तात्याला कळत न्हाय.

लोभ मागायला मला तोंड नाही.
दत्तोबा